नंदूच्या नावाची डावी बाजू

"नाव सांगा. कुठलंही नाव! अर्ध्या तासात त्याच्या एकेका अक्षरातून एकेक इंग्रजी सद्गुण काढून दाखवतो. नाही निघाला, तर ही लाल पेन्सिल मोडून टाकीन!"

असं अनुस्वार गेली वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता आणि त्याची पेन्सिल अजून शाबूत होती.

अनुस्वार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो एका छापखान्यात मुद्रितशोधक. म्हणजे मजकुराची प्रूफं वाचायची, चुकांभोवती लाल गोल काढायचे आणि सगळं बरोबर असलं की खाली 'ओके' लिहून सही करायची. अंगानं बुटका, गोल. आणि त्याचं टेबल मशीनच्या वरच्या लाकडी माळ्यावर, अकरा पायऱ्या चढून. लहान, गोल आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला, म्हणून अनुस्वार! हे नाव ठेवलं होतं नंदूनं. नंदू मशीनमन. दोघं एकाच महिन्यात कामाला लागले तेव्हा दोघांनाही धड मिसरूड फुटलेलं नव्हतं.

अनुस्वारला छंद होता नावांचा. सुरुवातीला तो यमकं जुळवायचा. मालकांच्या पन्नाशीला त्यानं त्यांच्या नावाशी जुळणारे नऊ इंग्रजी शब्द गोळा करून कविता रचली आणि भर समारंभात म्हणून दाखवली. नवव्या शब्दाचा अर्थ त्याला घरी गेल्यावर कळला! मालकांना तो कधीच कळला नाही, म्हणून नोकरी टिकली. त्या दिवसापासून यमक बंद. मग त्यानं अक्षरं धरली. नाव उभं लिहायचं आणि प्रत्येक अक्षरापुढे त्याच अक्षरानं सुरू होणारा इंग्रजी गुण. त्याला त्यानं नाव दिलं 'गुणफलक'. कोणी निवृत्त झालं, कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मुलगा झाला, की गुणफलक तयार! पेपर कटरच्या घरी तो फलक होता, बायंडिंगच्या मावशींच्या घरी होता, रखवालदाराच्या खोलीत होता. रखवालदाराच्या नावात झेड आला होता, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता पेन्सिल मोडणार. अनुस्वारनं 'झेलस', म्हणजे उत्साही, काढला आणि दोन दिवस कॉलर ताठ करून फिरला.

आता त्याची पद्धत सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या पद्धतीनंच घातला. तो कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायचा. डावीकडे त्या माणसाबद्दल मनात येतील ते वाईट शब्द लिहायचे. आधी वाईटच! "अगं, विहिरीतला गाळ उपसल्याशिवाय नितळ पाणी लागतं का?" असं तो बायकोला समजावायचा. डावी बाजू रिकामी झाली की मन स्वच्छ, मग उजवीकडे चांगले शब्द. शेवटी उजवी बाजू सुबक अक्षरात नव्या कागदावर उतरवायची आणि जुन्या कागदाचे बारीक तुकडे करून टोपलीत टाकायचे.

"त्या टोपलीत माझ्या माहेरची सगळी माणसं जमा झालीत," बायको म्हणायची.

वीस वर्षांत डावी बाजू कोणी पाहिली नव्हती.

नंदू मे महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होता. अनुस्वारनं जाहीर करून टाकलं, "नंदूचा गुणफलक असा होईल की मागचे सगळे त्यापुढे पावतीपुस्तकासारखे दिसतील!" ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण अनुस्वार आणि नंदू दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे मशीनच्या पट्ट्यालासुद्धा माहीत होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी एका औषध कंपनीच्या डायऱ्या छापल्या. चार हजार. बांधून, कापून, खोक्यांत भरून झाल्यावर मावशींनी सहज एक चाळली आणि विचारलं, "यंदा जूनला एकतीस दिवस आहेत का हो?"

हातातली खोकी खाली टाकून सगळ्यांनी जूनचं पान उघडलं. एकतीस!

मालकांनी अनुस्वारला बोलावलं. "शोधक, प्रूफ तुम्ही पाहिलं होतं?"

"पाहिलं होतं," अनुस्वार म्हणाला. "मी पाहिलं तेव्हा बरोबर होतं. नंतर मशीनवर कोणी काही केलं असेल, तर मला वरून काय दिसणार?"

त्यानं नंदूचं नाव घेतलं नाही. मोठ्या मशीनवर एकटा नंदूच होता, त्यामुळे घ्यायची गरजच नव्हती. चार हजार डायऱ्या रद्दीत गेल्या. सही केलेलं प्रूफ शोधलं, सापडलं नाही. नंदूनं मालकांसमोर एकदा वर माळ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला मोठ्या मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. ज्या हातांनी अडतीस वर्षं ते मशीन पोराबाळासारखं सांभाळलं, ते हात आता खोक्यांना चिकटपट्ट्या लावू लागले.

प्रूफ कुठे होतं? अनुस्वारच्या टेबलाच्या खालच्या खणात, इंग्रजी शब्दकोशाखाली. एकतीस जून, खाली लाल पेन्सिलीनं 'ओके', त्याखाली वळणदार सही. त्या दिवशी घाबरून त्यानं ते तिथे सरकवलं, उद्या सांगू म्हणाला, आणि उद्याची दोन वर्षं झाली.

आणि हा तोच नंदू, ज्यानं अनुस्वारच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा चार महिने जेवणाच्या सुट्टीत माळ्यावर बसून त्याला मूळ प्रत मोठ्यानं वाचून दाखवली होती! मशीनचा आवाज कानात घेऊन बसलेला माणूस, ओरडून वाचायचा. लग्नपत्रिकासुद्धा भांडल्यासारख्या वाचायचा. त्या चार महिन्यांत अनुस्वारची नोकरी नंदूच्या घशावर चालली होती.

म्हणून हा फलक. फलक दिला की नंदू विरघळेल, मग गेटपाशी हळूच जूनचं बोलून टाकू, अशी अनुस्वारची योजना होती. सरळ जाऊन माफी का मागितली नाही? तेही त्याच्या मनात आलं होतं. पण सॉरीला एस लागतो, आणि नंदूच्या नावात एस नाही! स्वतःला पटवायला माणसाला किती थोडं पुरतं बघा.

नंदूच्या नावात इंग्रजी पाच अक्षरं: एन, ए, एन, डी, यू. अनुस्वार रेघ मारून बसला. डावी बाजू दोन मिनिटांत भरली. नॅरो-माइंडेड, ॲरोगंट, निगेटिव्ह, डल, अनग्रेटफुल. शब्द जणू रांगेत उभेच होते. आणि होतेच! दोन वर्षं तो स्वतःला हेच तर सांगत आला होता. आपण ज्याचं वाईट केलं तो मुळातच वाईट होता, असं म्हटलं की झोप बरी लागते.

उजवी बाजू मात्र हलेना. एक दिवस गेला, चार गेले. 'नाइस'? छे, नाइस काय, बिस्किटावरही लिहिलेलं असतं. शब्दकोश काढावा, तर खालचं प्रूफ दिसे आणि एनपर्यंत पोचायच्या आत घाम फुटे. शेवटी त्यानं कधी केलं नाही ते केलं. खाली उतरून कॉम्प्युटरवालीला विचारलं. ही मुलगी मजकूर टाइप करायची आणि इंग्रजी तिला पाण्यासारखं यायचं.

"नंदूकाकांसाठी? सोप्पं आहे की," ती म्हणाली. "यमकच करा ना! नंदू, कॅन डू!"

"म्हणजे?"

"म्हणजे नंदू असेल तर होतंच. माझा प्रिंटर अडकला, कोणी काढला? मावशींची शिलाई मशीन? तुमचा माळ्यावरचा पंखा?"

"अगं, फलक आहे तो! साबणाची जाहिरात नाही!" अनुस्वार म्हणाला आणि पाय आपटत अकरा पायऱ्या चढला. वर पंखा गुपचूप फिरत होता.

अकराव्या दिवशी उजवी बाजू पुरी झाली. एकदाची! पण समारंभाला तीनच दिवस उरले होते, आणि अनुस्वारनं ठरवलं होतं की हा फलक कागदावर नाही, काचेवर करायचा. सोनेरी अक्षरं, मागे काळा रंग. बाजारात एक पेंटर होता, दुकानांच्या काचा रंगवणारा. हात असा की सरळ रेघ बघून सुतारानं मान खाली घालावी. इंग्रजी त्याला वाचता यायचं नाही. अक्षरं तो चित्रासारखी काढायचा.

"रंग वाळायला दोन दिवस लागतात," पेंटर म्हणाला. "मजकूर आत्ताच हवा."

नव्या कागदावर उतरवायला वेळ कुठला? अनुस्वारनं तोच रेघेचा कागद त्याच्या हातात दिला. "हे बघ, मधली पाच अक्षरं नावाची. शब्द घ्यायचे ते फक्त उजवीकडचे. डावीकडे बघायचंसुद्धा नाही!"

"उजवीकडचे. कळलं."

"काय सांगितलं मी?"

"उजवीकडचे! साहेब, काय लहान मूल आहे का मी?"

पेंटर खरोखरच लहान मूल नव्हता. पंचवीस वर्षांचा अनुभव होता त्याला. काच मागून रंगवतात, म्हणजे पुढून ती सुलट दिसते. त्यासाठी त्यानं नेहमीप्रमाणे कागदाला तेल चोपडून तो आरपार दिसेल असा केला, नेहमीप्रमाणे उलटा केला, काचेखाली ठेवला, आणि मग शहाण्या माणसासारखा उजवीकडचा मजकूर घेतला. अगदी सांगितल्याप्रमाणे! आणि अनुस्वारनं उमेदवारीच्या काळात शिशाच्या अक्षरांचे उलटे खिळे जुळवून पानं बांधली होती. उलटं केलं की डावं ते उजवं होतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्या दिवशी तो जागा होता, तेवढंच.

समारंभाच्या दिवशी पेंटरनं काच खाकी कागदात गुंडाळून, सुतळीनं करकचून बांधून आणली. "आत्ता उघडू नका, कडेचा रंग ओला आहे, धूळ बसेल."

जो माणूस साध्या व्हिजिटिंग कार्डाची तीन प्रूफं काढायला लावायचा, तो म्हणाला, "बरं!"

चार वाजता मशीन बंद झालं. बायंडिंगचं लांब टेबल पुसून त्यावर चहाचे पेले आणि बिस्किटं मांडली. नंदू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसला होता, हात मांड्यांवर, जणू फोटो काढायचाय. त्याच्या नखांतली शाई दोन वर्षं पॅकिंगला बसूनही गेली नव्हती. अनुस्वारनं त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन बिस्किटांकडे पाहिलं.

मालकांनी सुतळी कापली, कागद दूर केला. काच झळकली! काळ्यावर सोनं. सगळ्यांच्या तोंडून "वा!" निघालं. मालकांचं इंग्रजी बिलं आणि पार्ट्यांची नावं यापुरतं होतं, पण आवाज खणखणीत. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"एन! नॅरो-माइंडेड!"

टाळ्या!

अनुस्वारचं बिस्कीट चहात पडलं.

"ए! ॲरोगंट!"

आणखी टाळ्या. मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

"एन! निगेटिव्ह! डी! डल! यू... अनग्रेटफुल!" मालकांनी चष्मा काढला, आवाज भरून आला. "मी एवढंच म्हणेन, शोधकांनी नंदूला बरोबर ओळखलं. यातला एकेक शब्द त्याला शोभतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त कॉम्प्युटरवाली टाळ्या वाजवत नव्हती. तिचा हात तोंडावर होता.

"काय गं, काय झालं?" मावशींनी विचारलं.

"मावशी, हे... ॲरोगंट म्हणजे... घमेंडखोर."

"म्हणजे आमच्या नंदूभाऊंना?"

"आणि नॅरो-माइंडेड म्हणजे कोत्या मनाचा."

टाळ्या थांबल्या. टोकाला उभ्या असलेल्या रखवालदाराला काही ऐकू आलं नव्हतं, तो बिचारा एकटाच आणखी चार वाजवून गप्प झाला.

इथे अनुस्वारनं सरळ सांगून टाकायला हवं होतं. पण चूक पकडणाऱ्या माणसाला स्वतःची चूक सांगायची सवय नसते. तो उठला आणि म्हणाला, "थांबा, थांबा! तुम्ही वरवरचा अर्थ घेताय! नॅरो-माइंडेड म्हणजे... एका कामात मन घालणारा. रुंद मनाची माणसं इकडेतिकडे भटकतात!"

"आणि ॲरोगंट?" मालकांनी विचारलं.

"ताठ कण्याचा!"

"निगेटिव्ह?"

"मालक, निगेटिव्ह फिल्मशिवाय आपली छपाईची प्लेट तरी निघायची का?"

मालकांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. "आणि डल तर मला माहीत आहे. डल फिनिशचा कागद आर्ट पेपरच्या तोडीचा असतो."

"बघा!" अनुस्वारला पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं.

"मग अनग्रेटफुल?" कॉम्प्युटरवालीनं विचारलं.

अनुस्वार पेल्यात बुडालेलं बिस्कीट शोधू लागला.

"अनग्रेटफुल म्हणजे काय गं?" मावशी म्हणाल्या.

"उपकार विसरणारा."

अनुस्वारच्या कानांत ऑपरेशननंतरच्या दुपारी घुमू लागल्या. चार महिने ओरडून वाचणारा तो आवाज. हा शब्द ज्याचा होता त्याच्या खऱ्या नावात यू नव्हता, आणि तो या क्षणी हातात चहाचा पेला धरून उभा होता.

"ही डावी बाजू आहे!" तो शेवटी किंचाळला. "पेंटरनं डावी बाजू घेतली! मी उजवी सांगितली होती!"

"डावी बाजू म्हणजे?"

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. रेघ, गाळ, विहीर, नितळ पाणी, टोपली. त्याला वाटलं, पद्धत समजली की लोक समजून घेतील. लोकांना पद्धत समजली, तिथेच तर पंचाईत झाली!

"म्हणजे माझ्या फलकाच्या वेळीही डावीकडे काहीतरी होतं?" पेपर कटरनं विचारलं.

"तसं... सगळ्यांचंच..."

"माझ्या वेळी काय लिहिलं होतं?" मावशींचा पदर आता डोळ्यांवरून कमरेला गेला होता. "बोला ना! माझ्या नावातल्या एससाठी काय होतं?"

"आठवत नाही, मावशी!"

"खोटं! नंदूभाऊंचं दोन मिनिटांत आठवलं होतं तुम्हाला!"

"आणि झेड?" टोकाकडून रखवालदारानं विचारलं. त्याला नेमकं आता ऐकू आलं होतं. "झेडचं वाईट काय असतं?"

"शोधक," मालक शांतपणे म्हणाले. त्यांच्या शांतपणाची सगळ्यांनाच भीती वाटायची. "माझ्याही नावाचा फलक माझ्या केबिनमध्ये लावलेला आहे. आठ अक्षरं आहेत माझी."

आठही शब्द अनुस्वारला लख्ख आठवले.

एवढ्यात नंदू उठला. मघापासून तो त्या काचेकडे बघत होता, मशीनचा आवाज बदलला की बघायचा तसा. त्यानं पॅकिंगच्या टेबलावरून पत्ते लिहायचा लाल मार्कर उचलला आणि अनुस्वारपुढे धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो त्याच्याशी बोलला.

"चूक आहे ना? मग कर दुरुस्त."

"इथे?"

"प्रूफच आहे हे. कर."

अनुस्वारनं मार्कर घेतला. हात सवयीचा होता. नॅरो-माइंडेडवर आडवी रेघ मारली, शेवटी काढून टाकण्याच्या खुणेचं वेटोळं. ॲरोगंट, काढा. निगेटिव्ह, काढा. डल. अनग्रेटफुलवर त्यानं दोन रेघा मारल्या. आता उजवीकडे मोकळ्या जागेत बरोबर शब्द लिहायचे. त्यानं मार्कर टेकवला.

काही आठवेना!

अकरा दिवस घाम गाळून शोधलेले पाच शब्द. एकही! डोकं कोऱ्या कागदासारखं. डावीकडचे तोंडपाठ होते, कारण ते त्याच्या मनातले होते. उजवीकडचे शब्दकोशातले होते आणि शब्दकोश माळ्यावर होता. सगळे बघत होते. नंदूही बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"कॅन डू!" मागून कॉम्प्युटरवाली कुजबुजली. "काका, कॅन डू लिहा!"

त्यानं लिहिलं. नंदू कॅन डू. काचेवर मार्कर चर्र करून वाजला.

"म्हणजे काय?" नंदूनं विचारलं.

"म्हणजे... नंदू असेल तर होतंच."

नंदू जरासा हसला. "हे कोणाचं?"

"तिचं," अनुस्वार म्हणाला.

"वाटलंच."

आणि मग, सांगायला लाज वाटते, पण चाळीस वर्षांची सवय हो! दुरुस्ती संपली की हात आपोआप खाली जातो. अनुस्वारनं काचेच्या खालच्या कोपऱ्यात 'ओके' लिहिलं आणि झोकात सही ठोकली.

छापखाना फुटला! मावशी पोट धरून हसल्या, मालक हसले, रखवालदार कशाला हसतोय ते न कळता हसला. नंदूनं ती सही बारकाईनं पाहिली.

"बरं झालं," तो म्हणाला. "या वेळी काच आहे. हरवायची नाही."

हसणं चालूच होतं, त्यामुळे ते बाकी कोणाला लागलं नाही. अनुस्वारला मात्र जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं.

पाच वाजता नंदू काच काखेत मारून निघाला. अनुस्वार मागोमाग गेटपर्यंत धावला. फलकाचं तर वाटोळं झालं होतं, योजनेतलं आता एवढंच उरलं होतं.

"नंदू! अरे थांब. मला ते... जूनचं बोलायचं होतं."

नंदू थांबला. त्यानं वळून पाहिलं, मग वर माळ्याच्या खिडकीकडे पाहिलं.

"जूनचं ना? मग घरी ये की. जूनमध्येच ये, निवांत बोलू. एकतीस तारखेला ये."

"नक्की!" अनुस्वार म्हणाला. "नक्की येतो! एकतीसला, पक्कं!"

त्याच्या छातीवरचा दगड उतरला. नंदूनं घरी बोलावलं होतं! अकरा पायऱ्या तो पोरासारखा चढला. त्यानं खिशातली छोटी डायरी काढली, जीभ ओठांत धरून जूनचं पान उघडलं आणि पेन्सिल तारखांवरून खाली सरकवत नेली. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

पान उलटलं. एक जुलै.

त्यानं पुन्हा मागे जाऊन पाहिलं. एकच चूक, दोन वर्षांच्या अंतरानं, दुसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांखालून गेली होती. आणि या वेळीही त्यानं तिला ओके म्हटलं होतं. खाली गेटवर नंदू केव्हाच दिसेनासा झाला होता.

मग त्यानं खालचा खण ओढला, शब्दकोश उचलला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. नंदूनं बोलावलेली तारीख जगात एकाच कागदावर शिल्लक होती, आणि तिच्याखाली त्याचीच सही होती. नंदूच्या घरी जायचं तर हा कागद घेऊनच जावं लागणार, आणि तोही आधी मालकांच्या केबिनमधून, हे समजायला शब्दकोश लागत नव्हता.

तो कागदाची घडी करून जिन्यापर्यंत गेला. अकरा पायऱ्या. मालक खालीच होते. त्यानं ठरवलं, उद्या.

याला आता वीस दिवस झाले. अनुस्वार रोज खण उघडतो, कागद काढतो, पहिल्या पायरीपर्यंत जातो आणि परत येतो. घाई नाही म्हणतो. आज वीस जून, अजून दहा दिवस आहेत. त्याच्या प्रूफाप्रमाणे अकरा!